दवाखान्यातील नोंदी संगणकावर नेताना प्रणाली कशी निवडावी?

प्रश्न: फिजिशियन, जुळे सोलापूर

नमस्कार. जुळे सोलापूर भागात आमचे बारा खाटांचे रुग्णालय आहे. मी फिजिशियन आहे आणि पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दोघांची मिळून रोजची ओपीडी सत्तर-ऐंशीच्या घरात असते. सोमवारी आणि पावसाळ्यात तापाची साथ असताना ती याहून बरीच वाढते. आजवरच्या सर्व नोंदी कागदी केसपेपरवर आहेत. प्रत्येक रुग्णाला क्रमांक दिलेला आहे, त्या क्रमांकानुसार फाइली रॅकमध्ये लावलेल्या आहेत आणि ज्याने कार्ड आणले त्याची फाइल लगेच हाती येते. अडचण कार्ड न आणणाऱ्यांची आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा किंवा सीमेपलीकडच्या इंडीहून वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या रुग्णाचे कार्ड हरवलेले असते, रिसेप्शनवर गर्दी असते, म्हणून नवा केसपेपर काढला जातो आणि जुन्या फाइलवर लाल शाईने लिहिलेली पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या फाइलमध्येच राहून जाते.

आमच्याकडे तीन प्रस्ताव आलेले आहेत. पहिल्यात सर्व्हर रुग्णालयातच ठेवायचा, सॉफ्टवेअरची किंमत एकदाच द्यायची आणि दरवर्षी देखभालीचा करार करायचा, अशी रचना आहे. दुसरी प्रणाली क्लाउडवर असून तिची वर्गणी प्रत्येक डॉक्टरमागे दरमहा भरावी लागेल. तिसरी कंपनी सारे काही विनामूल्य देते आहे. तिन्ही ठिकाणचे प्रात्यक्षिक पाहिले आणि तिन्ही उत्तम वाटले, हीच खरी पंचाईत आहे. ज्यांनी प्रत्यक्ष वापर केला आहे त्यांनी कृपया सांगावे की निवड कोणत्या कसोटीवर करावी, वीस वर्षांच्या जुन्या फाइलींचे काय करावे, आणि इतक्या गर्दीत टंकलेखन नेमके कोणी आणि केव्हा करावे.

उत्तर १: मधुमेहतज्ज्ञ, सात रस्ता

सर, तिन्ही प्रात्यक्षिके उत्तम वाटली याचे कारण असे की प्रात्यक्षिकातील रुग्ण विक्रेत्याने निवडलेला असतो. त्याला एकच आजार असतो, तो दोन औषधे घेतो आणि सगळे तपशील न अडखळता सांगतो. पुढच्या वेळी आपल्याच ओपीडीतील एक नेहमीची रुग्ण, नाव बदलून, त्यांच्यासमोर ठेवा. बासष्ट वर्षांच्या बाई आहेत, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, गुडघे दुखतात, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा आणि कागदावर आहे, मागच्या वेळच्या पाच गोळ्यांपैकी एक त्यांनी स्वतःच बंद केली आहे, एक मेडिकलवाल्याने बदलून दिली आहे, त्यांना तीन महिन्यांची औषधे हवी आहेत आणि उठता उठता त्या सुनेचा थायरॉइडचा रिपोर्ट पुढे करतात. ही संपूर्ण भेट विक्रेत्याने नव्हे, तुम्ही स्वतः नोंदवून पाहा आणि घड्याळ लावा. जी प्रणाली इथे तुम्हाला तीन-साडेतीन मिनिटांत मोकळे करत नाही, ती कितीही देखणी असली तरी आपल्या गर्दीत महिनाभरही टिकणार नाही.

अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर सरकारी अनुदानाच्या बळावर अशा प्रणाली झपाट्याने पसरल्या. पुढे २०१६ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसले की डॉक्टर रुग्णासमोर जेवढा वेळ देतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ संगणकावरील नोंदी आणि टेबलावरील कागदी काम यांत जातो. मात्र तिकडच्या नोंदी लांबण्यामागे बिलाच्या अटींचाही मोठा वाटा आहे, आणि ओपीडीपुरते बोलायचे तर आपल्यावर तसे बंधन नाही. त्यामुळे त्यांच्या प्रणालींतील पानभर रकाने आपण उचलण्याचे कारण नाही.

माझ्या मते रकान्यांत नेमके भरायचे ते एवढेच: ॲलर्जी, निदान, चालू औषधे, वजन, रक्तदाब, आणि ज्या तपासण्यांचा आलेख आपल्याला पुढे पाहायचा आहे त्यांचे आकडे, म्हणजे साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन वगैरे. बाकीचे दोन ओळींत मोकळे लिहावे किंवा हाताने लिहून कागदाचा फोटो जोडावा. ज्या गोष्टीचा पुढे शोध घ्यायचा आहे, तीच रकान्यात हवी. ‘ज्या मधुमेही रुग्णांचे क्रिएटिनिन वर्षभरात झालेले नाही त्यांची यादी’ हा प्रश्न कागदी फाइलींना विचारता येत नाही, आणि संगणकाचा खर्च भरून निघतो तो अशाच याद्यांतून. म्हणून विक्रेत्यासमोर ही यादीही काढून पाहा. अनेक प्रणालींत आकडे भरता येतात, परंतु ते एकत्र बाहेर काढता येत नाहीत.

जुन्या फाइली सरसकट स्कॅन करण्याच्या फंदात पडू नका. स्कॅन केलेल्या हजारो पानांत शोध घेता येत नाही आणि त्यांपैकी बहुतेक रुग्ण परत येणारही नसतात. जो रुग्ण येईल त्याची फाइल त्या दिवशी काढावी, सहायकाने ॲलर्जी, जुनी निदाने, शस्त्रक्रिया आणि चालू औषधे एवढाच सारांश भरावा, तुम्ही त्यावर नजर टाकावी आणि फाइल त्याच क्रमांकाने पुन्हा रॅकमध्ये जावी. संगणकातील क्रमांक आणि रॅकमधील क्रमांक एकच असावा, हा आग्रह मात्र सोडू नका. नवी प्रणाली स्वतःचा वेगळा क्रमांक देत असेल, तर जुन्या क्रमांकासाठी शोधता येईल असा रकाना मागून घ्या.

आणखी एक मत, जे अनेकांना पटत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवात बिलिंगपासून होते, कारण ते रिसेप्शनवर होते आणि डॉक्टरला काहीच बदलावे लागत नाही. मग प्रणाली बिलिंगपाशीच थांबते. माझा सल्ला असा की पहिल्या दिवसापासून औषधांची चिठ्ठी संगणकावरून छापावी, मग ती निवडक रुग्णांपुरती का असेना. चिठ्ठी छापायची म्हटली की निदान आणि औषधे आपोआप नोंदली जातात. तुमच्या नेहमीच्या चाळीस-पन्नास औषधांची यादी, मात्रा आणि मराठीतील सूचना यांसह, सुरुवातीलाच तयार करून घ्या. कामाचा वेग सर्वस्वी त्या यादीवर अवलंबून असतो.

एक धोकाही सांगून ठेवतो. ‘मागील भेटीप्रमाणे’ हे बटण फार सोयीचे असते, पण त्यामुळे न तपासलेले पोटही प्रत्येक भेटीत ‘मऊ, वेदनारहित’ असे छापले जाते. उद्या न्यायालयात तोच कागद तुमच्यासमोर येतो. औषधे पुढे ओढावीत, तपासणीचे निष्कर्ष कधीही ओढू नयेत.

उत्तर २: आरोग्यविषयक सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा अभियंता, मूळ सोलापूर, सध्या पुणे

डॉक्टरसाहेब, वरचे उत्तर वापराच्या बाजूने पूर्ण आहे. मी कराराच्या आणि तांत्रिक बाजूने लिहितो, कारण पुढे पस्तावण्याची वेळ बहुधा तिथेच येते.

पहिली अट डेटा बाहेर काढण्याची. ‘डेटा तुमचाच आहे’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता तोंडी सांगतो. ते करारात कसे लिहिले आहे ते पाहावे. प्रत्येक रुग्णाची पीडीएफ देणे म्हणजे डेटा परत देणे नव्हे, कारण पीडीएफमधून नव्या प्रणालीत काहीच सुरळीत भरता येत नाही. सर्व तक्ते सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात, कोणत्या रकान्यात काय आहे याच्या माहितीसह, आणि स्कॅन केलेले कागद रुग्णक्रमांकानुसार नावे दिलेल्या फाइलींत मिळाले पाहिजेत. यासाठी किती शुल्क लागेल, किती दिवसांत मिळेल, आणि करार संपल्यावर किती काळ केवळ वाचण्यापुरता प्रवेश राहील, हे आकड्यांत लिहून घ्यावे. पैसे देण्यापूर्वी चाचणीतील काही रुग्णांचा असा संच मागून घ्या आणि तो तुमच्या स्वतःच्या संगणकावर उघडून पाहा. इथे टाळाटाळ झाली तर तो प्रस्ताव बाजूला ठेवा. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही २०२२ मध्ये संगणकीय प्रणाली बंद पडल्यावर केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली होती. मोठ्या संस्थांवर जी वेळ येते ती बारा खाटांच्या रुग्णालयावर येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

विनामूल्य प्रणालीबाबत एकच प्रश्न विचारा: त्या कंपनीचे उत्पन्न कोठून येते? औषध कंपन्यांच्या जाहिराती, लॅबकडे रुग्ण वळवण्याची दलाली, किंवा तुमच्या चिठ्ठ्यांतून निघणारी आकडेवारी, यांपैकी काहीतरी त्यामागे असते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. त्या कायद्याच्या रचनेत रुग्णाची माहिती गोळा करणारे रुग्णालय जबाबदार धरले जाते आणि सॉफ्टवेअर कंपनी ही रुग्णालयाच्या वतीने ती माहिती हाताळणारी ठरते. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान रुग्णालयाला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण ‘ते कंपनीचे काम होते’ असे सांगून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे रुग्णाला ‘आभा’ हा आरोग्य क्रमांक देऊन त्याच्या नोंदी जोडण्याची केंद्र सरकारची योजना, २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. ‘आम्ही आभाशी जोडलेले आहोत’ असे आता सगळेच सांगतात, पण या जोडणीचे तीन टप्पे आहेत आणि नेमका कोणता पूर्ण आहे ते विचारले पाहिजे. एम१ म्हणजे केवळ रुग्णाचा चौदा अंकी आभा क्रमांक तयार करणे व पडताळणे. एम२ म्हणजे तुमच्याकडील नोंद त्या क्रमांकाशी जोडून रुग्णाला उपलब्ध करून देणे. एम३ म्हणजे रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या रुग्णालयातील नोंद तुम्हाला पाहता येणे. इंडीचा रुग्ण आधी विजयपुरात दाखवून आलेला असेल, तर त्याची तिथली नोंद तुम्हाला दिसण्यासाठी तुमच्याकडे एम३ आणि तिथे एम२ लागते. या रचनेत नोंदी दिल्लीतील एखाद्या भांडारात जमा होत नाहीत, त्या मूळ रुग्णालयाच्या प्रणालीतच राहतात आणि संमती मिळाली की तेवढ्यापुरत्या पाठवल्या जातात. तुम्हाला स्वतःची नोंदणी डॉक्टरांच्या नोंदवहीत आणि रुग्णालयाची नोंदणी आरोग्य संस्थांच्या नोंदवहीत करावी लागेल. रुग्णाने आभा काढणे ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, हे रिसेप्शनवरच्या मंडळींना स्पष्ट सांगून ठेवावे.

मानकांबद्दल थोडक्यात: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा नोंदींसाठी २०१३ मध्ये मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. निदानांच्या संकेतांसाठी त्यांत स्नोमेड सीटी आणि आयसीडी-१०, तपासण्यांसाठी लॉइंक, प्रतिमांसाठी डायकॉम सुचवलेले आहे. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य असल्यामुळे ते इथे विनाशुल्क वापरता येते आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आहे. तेव्हा ‘संकेतावलीचे वेगळे शुल्क’ कोणी दरपत्रकात लावले असेल तर ते कशाचे, हे जरूर विचारा. केलेला प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि आधी काय होते ते पुसून न टाकता केला, याची नोंद ठेवणारी सोय मात्र हवीच.

मराठीसाठी युनिकोड आहे ना, हे तपासा. स्थानिक पातळीवर तयार झालेल्या काही जुन्या प्रणाली अजूनही डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर साठवतात. छापील कागदावर तो सुंदर दिसतो, पण शोधता येत नाही आणि दुसरीकडे नेला की त्याची निरर्थक चिन्हे होतात.

बाम्नीसारख्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणालीबद्दल कोणी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. ओपनएमआरएस या दुसऱ्या मुक्त प्रणालीवर आधारलेली ही प्रणाली चांगली आहे, तिला परवाना शुल्क नाही आणि तिचा विकास छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून सुरू झाला. परंतु ती सांभाळणारा माणूस हाताशी लागतो. तुमच्या आकाराच्या रुग्णालयाला तो परवडणार नाही, म्हणून मी ती सुचवणार नाही.

उत्तर ३: फॅमिली डॉक्टर, साखर पेठ

मी या विषयातला विरोधी पक्ष समजा. माझ्या दवाखान्यात मी आणि कंपाउंडर असे दोघेच आहोत. रुग्ण बहुतेक यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया, अर्धे बोलणे तेलुगूत, आणि दुखणे सांगताना बाई जेव्हा थांबते तेव्हा माझी नजर पडद्यावर असेल तर ती पुढचे सांगत नाही. मला टंकलेखन जमत नाही असे नाही. त्या तीन मिनिटांत ते मला नको आहे.

विक्रेते हल्ली ‘आता सक्तीचे होणार आहे’ असे सांगून घाई करतात. वस्तुस्थिती अशी की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत तीन वर्षांत नोंदी पूर्णपणे डिजिटल करण्याची अट होती, पण ते विनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले आणि २००२ चे विनियम चालू राहिले. त्यांत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्यात, मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्यात, आणि नोंदी लवकर सापडाव्यात यासाठी संगणकीकरणाचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. ‘प्रयत्न करावा’ एवढेच. तेव्हा घाई करू नका.

तरीही तुमच्याकडे खाटा आहेत, दोन डॉक्टर आहेत, मेडिक्लेमची कागदपत्रे आहेत, त्यामुळे तुम्हाला ते लागेल हे मान्य आहे. मग एका गोष्टीकडे लक्ष द्या, जिच्याकडे पुण्या-बेंगळुरूत बसून प्रणाली करणाऱ्यांचे लक्ष नसते. ते रुग्ण ओळखायला मोबाइल क्रमांक, नाव आणि जन्मतारीख वापरतात. आमच्याकडे एका घरात एकच मोबाइल असतो आणि तो मुलाबरोबर कारखान्यात गेलेला असतो. तो क्रमांकही रिचार्जच्या सवलतीप्रमाणे बदलतो. नावे पाहाल तर सिद्धाराम, मल्लिनाथ, अंबादास आणि लक्ष्मीबाई प्रत्येक गल्लीत आहेत. जन्मतारीख विचारली तर मोठ्या माणसांपैकी कितीतरी जण १ जून सांगतात, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. अशा स्थितीत संगणक एकतर एकाच बाईची तीन खाती उघडतो किंवा, त्याहून वाईट, दोन बायकांचे एक खाते करतो. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर गेली तर तुमच्या लाल शाईपेक्षाही परिस्थिती बिघडेल.

म्हणून कुटुंबाचे एक खाते आणि त्यात व्यक्ती, अशी रचना असलेली प्रणाली शोधा. नोंदणी करताना वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव किंवा पेठ आणि रुग्णाचा फोटो हे तिन्ही घ्या. नाव मराठीत लिहा, कारण रोमन लिपीत एकच नाव तीन माणसे तीन प्रकारे लिहितात. दुहेरी खाती जोडण्याची सोय आहे का, आणि चुकून जोडलेली पुन्हा सोडवता येतात का, हेही पाहा. जोडता सगळ्यांना येते, सोडवता फार थोड्यांना येते.

आणि चिठ्ठीची छापील प्रत रुग्णाच्या हातात द्याच. आमच्या भागातील माणूस रात्री-अपरात्री थेट सिव्हिलला जातो. तिथल्या कॅज्युअल्टीतील डॉक्टरला तुमचा क्लाउड दिसत नाही, प्लास्टिकच्या पिशवीतला कागद दिसतो.

प्रश्नकर्ता, जुळे सोलापूर

तिघांचे मनःपूर्वक आभार. १ जूनचा मुद्दा वाचून रिसेप्शनवरचे रजिस्टर काढून पाहिले. डॉक्टर, आपले म्हणणे अगदी खरे आहे. विनामूल्य प्रस्ताव मी बाजूला ठेवला आहे, कारण उत्पन्नाबद्दल विचारल्यावर मिळालेले उत्तर समाधानकारक नव्हते.

आता दोन शंका उरतात. पत्नीच्या विभागात सोनोग्राफी मशीन आहे आणि गर्भपाताच्या केसेसही नियमानुसार होतात. त्या नोंदींना वेगळे नियम लागतात, ते कोणत्याही विक्रेत्याला नीट सांगता आले नाहीत. दुसरे म्हणजे वीज, बॅकअप आणि कर्मचारी यांचा प्रत्यक्ष अनुभव कोणी लिहील का?

उत्तर ४: स्त्रीरोगतज्ज्ञ, होटगी रस्ता

मॅडमना सांगावे की या दोन गोष्टी सर्वसाधारण प्रणालीत मिसळू देऊ नयेत.

पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे एफ फॉर्म (गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) आणि संबंधित नोंदी किमान दोन वर्षे, आणि प्रकरण चालू असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, जपाव्या लागतात. नियम ९ मध्ये असेही आहे की नोंदी संगणकावर ठेवल्या असतील तर त्यांची छापील प्रत काढून जबाबदार व्यक्तीने ती साक्षांकित करून जपून ठेवली पाहिजे. म्हणजे संगणक आला तरी कागद सुटत नाही. तपासणीस आलेले अधिकारी एफ फॉर्ममधील रिकामा रकानाही दोष म्हणून नोंदवतात, तेव्हा अपूर्ण फॉर्म छापताच येणार नाही अशी अडवणूक प्रणालीत असल्यास ती खरोखर उपयोगी पडते.

गर्भपाताच्या बाबतीत अडचण उलट्या बाजूची आहे. गर्भपात कायद्याखालील २००३ च्या विनियमांनुसार प्रवेश नोंदवही गोपनीय असते, ती पाच वर्षे ठेवावी लागते, आणि त्या नोंदवहीखेरीज केसशीट, शस्त्रक्रियागृहाची वही, फॉलोअप कार्ड यांपैकी कशावरही स्त्रीचे नाव लिहायचे नसते. तिथे नोंदवहीतील अनुक्रमांकच यायला हवा. संगणकीय प्रणालीचा तर सारा भर एकदा भरलेले नाव प्रत्येक कागदावर आपोआप छापण्यावर असतो. शिवाय रिसेप्शन, लॅब आणि औषध दुकान यांच्या पडद्यांवरही ते दिसते. विक्रेत्याला विचारा की विशिष्ट भेटीसाठी नाव पूर्णपणे झाकून केवळ अनुक्रमांक दाखवता येतो का, आणि ती भेट कोणाला दिसावी हे व्यक्तिनिहाय ठरवता येते का. उत्तर स्पष्ट ‘हो’ असे नसेल तर या केसेस कागदावरच ठेवाव्यात. मी तसेच करते आणि त्यात मला काही मागासलेपण वाटत नाही. आभाशी जोडणी करताना अशी भेट आपोआप जोडली जाणार नाही, याचीही खात्री करून घ्या; घरातील एकाच मोबाइलवर सासूने संदेश वाचला तर काय होईल, हे सांगायला नको.

उत्तर ५: रुग्णालय व्यवस्थापक, मुरारजी पेठ

विजेचे आणि बॅकअपचे मी सांगतो. सर्व्हर रुग्णालयात ठेवायचा असेल तर त्याला वातानुकूलित जागा हवी. सोलापूरच्या मे महिन्यात पोटमाळ्यावर ठेवलेला संगणक फार काळ साथ देत नाही. क्लाउड घेतला तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घ्या आणि राउटरही इन्व्हर्टरवर टाका. संगणक इन्व्हर्टरवर आणि राउटर भिंतीच्या साध्या प्लगवर, असे दृश्य मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तुमच्या आकाराला मला क्लाउड अधिक योग्य वाटतो, मात्र रोज रात्री एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरली पाहिजे आणि ती डिस्क एरवी संगणकापासून सुटी राहिली पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथले काम कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक इमारतीबाहेर असावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून प्रणाली प्रत्यक्ष उभी करून पाहावी, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नसतो.

पासवर्ड प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. सर्व सिस्टर एकाच नावाने आत जात असतील तर अभियंत्यांनी वर सांगितलेली ‘कोणी बदल केला’ ही नोंद निरुपयोगी होते. नोकरी सोडलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

दरपत्रक वाचताना १८ टक्के जीएसटी त्यात धरला आहे का ते पाहा. रुग्णसेवा जीएसटीमुक्त असल्याने आपल्याला त्या कराची वजावट मिळत नाही, तो पूर्णपणे खर्चातच जातो.

उत्तर ६: मधुमेहतज्ज्ञ, सात रस्ता

कर्मचाऱ्यांबद्दल राहिले होते. आंतररुग्ण विभाग पहिल्याच टप्प्यात संगणकावर नेऊ नका, सर. औषध दिल्याची वेळ आणि सही खाटेजवळच्या चार्टवर त्या क्षणी होते. तेच संगणकावर नेले की सिस्टर ड्युटी संपताना सगळ्या वेळा एकदम भरतात आणि मग रात्री दोनचे इंजेक्शन खरोखर दोनला दिले होते का, हे कोणालाच सांगता येत नाही. खाटेजवळ टॅब देण्याची तयारी होईपर्यंत चार्ट कागदावरच असू द्या, डिस्चार्ज कार्ड मात्र संगणकावर करा. टंकलेखनासाठी वेगळा ऑपरेटर नेमण्यापेक्षा तुमच्या रिसेप्शनवरील जी मुलगी औषधांची नावे अचूक वाचते तिला शिकवा. तुमचे अक्षर तिला आधीच लागलेले असते.

साखर पेठेतील डॉक्टरांच्या नजरेच्या मुद्द्यावर एक उपाय आहे. पडदा आपल्या आणि रुग्णाच्या मध्ये न ठेवता बाजूला, दोघांनाही दिसेल असा ठेवावा. माझे रुग्ण आता स्वतःच साखरेचा आलेख पाहून गेल्या दिवाळीत तो कुठे चढला ते दाखवतात.

उत्तर ७: रुग्णालय व्यवस्थापक, मुरारजी पेठ

एक कायदेशीर मुद्दा सुटला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची असेल तर सोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झाल्यास बदलणारा, तिच्यावरूनच काढलेला संकेत) लिहावे लागते. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही असते. सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असेल तर हे काम तिच्या सहकार्याशिवाय होत नाही, म्हणून ती मदत किती दिवसांत आणि कोणत्या शुल्कात मिळेल हे कलमही करारात घालून घ्या. दरम्यान ओपीडीतील प्रत्येक छापील चिठ्ठीवर डॉक्टरांनी हाताने सही करण्याची पद्धत चालू ठेवावी. पडद्यावरून उमटलेले सहीचे चित्र म्हणजे कायद्याच्या अर्थाने डिजिटल सही नव्हे.